सतरा नंबरचा रोल

"सही करणार नाही."

आरसाकाकांनी कागद टेबलावरून परत सरकवला. व्यवस्थापकांनी पुढे केलेलं पेन तसंच हवेत राहिलं.

"काका, रोल तुम्ही घासलात. तो फुटला. माणूस जायबंदी झाला. चूक कबूल करा, मानानं निवृत्त व्हा. नाहीतर चारच्या भोंग्याला बडतर्फी."

"तो माणूस माझा सख्खा भाचा आहे, साहेब. इथल्याच दवाखान्यात पडलाय, हात मोडून. बहीण माझ्याकडे बघायला तयार नाही. न केलेल्या पापावर सही करून तिच्यापुढे कुठल्या तोंडानं जाऊ? काढा कामावरून. वर एकजण बघतोय, त्याला सगळं ठाऊक आहे."

कोपऱ्यात बसलेल्या तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता. मुख्य कचेरीनं त्यांना सकाळीच धाडलं होतं.

काल दुपारी साडेबाराला रोलिंग मिलमधला वरचा रोल फुटला होता. लालबुंद पोलादाची लादी दोन रोलांमधून दाबली जाते आणि प्लेट होऊन बाहेर पडते. त्या धगीनं रोलवर केसासारख्या भेगा पडतात. म्हणून ठरल्या वेळी रोल उतरवायचा आणि भेगा जाईपर्यंत घासायचा. हे काम काका तीस वर्षं करत होते. त्यांच्या रोलात बघून दाढी करावी, असं कामगार म्हणत. नाव पडलं ते त्यावरूनच.

नोंदवहीत लिहिलं होतं: 'सकाळी दहा. अकरा नंबर उतरवला, सतरा नंबर चढवला.' खाली फोरमनची सही.

बाईंनी आधी फोरमनला गाठलं.

"फुटलेले तुकडे कुठे आहेत?"

"भट्टीत. वितळले."

"एका दिवसात?"

"वाट अडली होती, बाई. मिल चालवायची की संग्रहालय मांडायचं?"

"नंबर कोणी पाहिला?"

"मी. सतरा होता."

"रोल बदलायला वेळ किती लागतो?"

"पाऊण तास."

"तरी काल तुमच्या पाळीचा विक्रम होणार होता म्हणे?"

"होणारच होता! म्हाताऱ्यानं घात केला." फोरमनची छाती फुगली होती.

मग क्रेनवाली. ती पान्यानं उगाच एक नट फिरवत उभी होती.

"सतरा नंबर तूच उचललास?"

"हो. काकांच्या रॅकवरून मिलच्या दारातल्या ट्रॉलीवर ठेवला. पुढचं दिसत नाही, मध्ये खांब आहे."

"नंतर ट्रॉलीवरून काही उचललंस?"

"एक रोल. ताडपत्रीत गुंडाळलेला. फोरमन म्हणाले, अकरा नंबर बाद झाला, भंगारात टाक." तिनं पाना खाली ठेवला. "बाई, मी खोटं बोलणार नाही. पण न विचारलेलं सांगणारही नाही. मला इथंच राहायचंय."

बाई प्लेटांच्या आवारात गेल्या. प्रत्येक प्लेटवर खडूनं वेळ लिहिलेली होती. 'बारा वाजून दहा' लिहिलेल्या प्लेटवरून त्यांनी तळवा फिरवला. बोटाला काहीतरी लागलं. नखाएवढा चंद्रकोरीसारखा उंचवटा. थोड्या अंतरावर पुन्हा तोच. पुन्हा तोच. बाईंनी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि तो ठसा काकांपुढे धरला.

काकांचा चेहरा उतरला.

"ही रोलची जखम. रोलला खोक पडली की प्रत्येक फेऱ्याला प्लेटवर तीच उमटते."

"म्हणजे बारा वाजता मिलमध्ये असलेल्या रोलला खोक होती."

"मग तो माझा नव्हता!" काकांनी बाकावर मूठ आपटली. "सतरा नंबर मी बोट न् बोट तपासलाय. जा, कुणालाही विचारा!"

"माणसांना विचारून झालं," बाई म्हणाल्या. "आता प्लेटांनाच विचारते."

त्या पुन्हा आवारात गेल्या आणि 'नऊ वाजता'च्या प्लेटवर वाकल्या. मग भंगाराच्या ढिगाकडे वळल्या. तिथून परतल्या तेव्हा हाताला ग्रीस होतं आणि ओठांवर हसू.

पावणेचारला भंगाराच्या ढिगापाशी सगळे जमले.

"साहेब, बाराची प्लेट काकांच्या विरुद्ध साक्ष देते," बाईंनी सुरुवात केली. फोरमन हसला. "पण हा दुसरा ठसा बघा. तीच कोर, तेच अंतर. ही प्लेट सकाळी नऊची. तेव्हा सतरा नंबर कुठे होता?"

"काकांच्या रॅकवर," क्रेनवाली मोठ्यानं म्हणाली.

"मग त्यानं नऊला ठसा उमटवला कसा? नाही उमटवला. नऊला आणि बाराला मिलमध्ये एकच रोल होता. अकरा नंबर. तो बदललाच नाही. पाऊण तास वाचवायचा होता, विक्रम करायचा होता. वहीत खोटी नोंद केली, भेगाळलेला रोल रेटला आणि तो फुटला. ही बघा सव्वादहाची प्लेट. रोल बदलत होते, तर ही दाबली कुणी?"

"खडूची वेळ चुकते!" फोरमन ओरडला.

"खडू चुकेल. खोक चुकत नाही. तुम्ही रोल वितळवलात, पण त्यानं लिहिलेलं आवारात पसरून पडलंय."

बाईंनी ताडपत्री ओढली. भोवतीचे रोल गंजानं तांबडे पडले होते. ताडपत्रीतल्या या 'बाद अकरा नंबर'वर मात्र नुसतं ग्रीस आणि धूळ. त्यांनी फडका फिरवला. त्या लखलखाटात फोरमनचाच चेहरा दिसला. टोकाला नंबर कोरलेला होता: सतरा.

फोरमन खाली बघू लागला. "कोणाला लागेल असं वाटलं नव्हतं," एवढंच तो पुटपुटला. त्याला बाहेर नेलं.

व्यवस्थापकांनी तो कागद फाडला. "काका, झालं गेलं विसरून जा."

"विसरणार नाही. काल माझं नाव दोषी म्हणून कर्ण्यावरून ऐकवलंत. हेही कर्ण्यावरूनच ऐकवा. मोठ्या आवाजात."

"काका, आता..."

"दवाखान्यापर्यंत गेलं पाहिजे."

चारचा भोंगा वाजला आणि त्यामागून कर्ण्यावर व्यवस्थापकांचा आवाज आला. काका हात न धुताच निघाले. दवाखान्याबाहेर बाकाच्या मधोमध बहीण बसली होती. ती पदर आवरून सरकली आणि भावाला जागा करून दिली.