चार मीटरच्या आत

लेन्सच्या खोलीत किओको पहिल्यांदा शिरला तेव्हा त्यानं सेलियानकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची नजर तिच्या डोक्यावरच्या फळीवर खिळली होती, आणि तीही अशी, की बघणाऱ्याला वाटावं, स्वारी मुलगी पसंत करायलाच आली आहे.

“ती हवी,” तो बोट दाखवून म्हणाला. “सगळ्यांत लांब. पाचशे मिलिमीटरची.”

“आमच्याकडे आधी खुशाली विचारतात,” सेलियान म्हणाली. “गुरं बरी आहेत का, आई बरी आहे का... मग वस्तू मागतात.”

तेव्हा कुठे त्यानं नजर खाली आणली. आणि मग ती परत वर न्यायचं विसरला.

“गुरं... बरी आहेत ना?”

“गुरं नाहीत. लेन्स आहेत. त्या बऱ्या आहेत.”

तलेक नदीच्या काठावरचा तंबूंचा मुक्काम होता तो. मासाई माराच्या जंगलात सिंह बघायला जगभरातून माणसं येतात आणि पहिल्याच फेरीनंतर तोंड पाडून सेलियानच्या खिडकीशी उभी राहतात: सिंह दिसला हो, पण फोटोत मुंगीएवढा आला! मग ती त्यांना लेन्स भाड्यानं देते. देते कसली, स्थळं जुळवते. पक्ष्यांमागे धावणाऱ्याला एक, हात कापणाऱ्याला दुसरी. प्रत्येक लेन्सवर पांढरी पट्टी आणि पट्टीवर नाव. शंभर-चारशेची ती ‘मावशी’, कारण तिला लांबचंही दिसतं, जवळचंही दिसतं आणि तिचं कुणाशीही जमतं. पाचशेचीच्या पट्टीवर लिहिलं होतं, ‘कोइनेत’.

“पुरुषाचं नाव?” किओकोनं विचारलं.

“कोइनेत म्हणजे उंच. सगळ्यांत लांब आहे ना, म्हणून.” ती घाईनं पुढे म्हणाली, “तुम्ही मावशी न्या. कोइनेत जड आहे, हट्टी आहे. तसूभर मागंपुढं होत नाही. हत्ती गाडीला येऊन चिकटला तरी याला दिसायचा नाही. चार मीटरच्या आतलं सगळं याला धूसर.”

“हत्ती नकोय मला. बिबटीण हवीये. पलीकडच्या तीरावर खडकांत पिलं घेऊन बसलीये, आणि गाडी नदी ओलांडत नाही. मावशीला तिचे डोळे दिसतील का सांगा.”

दिसले नसते. त्याचं बरोबर होतं, आणि सेलियानला बरोबर बोलणाऱ्या माणसांचा जरा रागच यायचा. तिनं लेन्स फळीवरून उतरवली, दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि त्याच्या हातात देताना उगाच क्षणभर सोडलीच नाही. दोघांची बोटं एकमेकांत अडकली.

“कोइनेतला परत आणा,” ती म्हणाली. तिचा आवाज एकदम कातर का झाला, ते किओकोला कळलं नाही. माचाकोसहून आलेला हा पोरगा एका दिनदर्शिकेसाठी फोटो काढत होता. मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि बिबटीण सोडून बाकी कशात डोकं घालायचं नाही असं ठरवून आला होता बिचारा.

संध्याकाळी तो फोटो दाखवायला आला. बिबटीण नव्हती, खडक होते, औदुंबराचं एक मोठं झाड होतं आणि दुपारच्या उन्हात थरथरणारी हवा. सेलियाननं फोटोच्या मध्यावर नजरच टाकली नाही. तिनं आधी कोपरा बघितला.

झाडाखाली लाल काहीतरी होतं. तांदळाच्या दाण्याएवढं.

“तिथं कुणी होतं?” तिनं विचारलं.

“कुणी नाही. किसियोबाबांनी दुर्बिणीतून सगळा तीर पिंजून काढला.” किसियोबाबा म्हणजे गाडी हाकणारे म्हातारे, ज्यांच्या डोळ्यांतून ससासुद्धा निसटत नसे. “आणि राखीव जंगलात पायी कोण फिरणार? ऊन चढलं की लांब लेन्समधून हवाच नाचते. तांबडं वारूळ असेल.”

“वारुळाच्या हातात काठी नसते,” सेलियान म्हणाली.

किओकोनं फोटो मोठा केला. काठी होती. एका पायावर उभा, दुसरं पाऊल गुडघ्याला टेकवलेलं, अंगावर मासाई पुरुष पांघरतात तसली लाल शुका. पाठ त्यांच्याकडे.

तो रोज येऊ लागला. निमित्त फोटोंचं, पण लेन्स पुसायला आपल्यालाही फडकं मिळालेलं असतं हे तो सोयीस्कर विसरायचा.

“किओको म्हणजे सकाळी जन्मलेला ना?” ती चिडवायची. “मग किसियोबाबा तुम्हाला उठवायला रोज तंबू का हलवतात?”

“जन्मलो सकाळी. त्यानंतर दमलो.”

“राजम्याची पिशवी कुठाय?” लेन्स टेकवायला ती जी पिशवी द्यायची, ती आज निम्मी झाली होती.

“भूक लागली होती...”

“कच्चा राजमा?”

“किसियोबाबांनी शिजवला. तुमच्यासाठी ठेवलाय थोडा.” आणि त्यानं खरंच खिशातून डबा काढला! सेलियान इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यानं हात पुढे केला, मग तो तसाच हवेत राहिला, मग मुकाट्यानं लेन्सच्या फडक्याकडे वळला. त्या दिवसापासून ती त्याला ‘तुम्ही’ म्हणेनाशी झाली.

पण हसणं संपलं की ती कोपरा बघायची. आणि लाल ठिपका आता ठिपका राहिला नव्हता. आधी झाडाखाली, मग पाण्याच्या कडेशी, मग एका संध्याकाळी अलीकडच्या तीरावर. नदी कशी ओलांडली होती कुणास ठाऊक. त्या फोटोत शुका ओली होऊन अंगाला चिकटलेली दिसत होती आणि मान किंचित वळलेली. ऐकल्यासारखी.

किओकोच्या अंगावर सर्रकन काटा आला. “सेलियान, हा कोण आहे? तुला माहितीये. पहिल्या दिवसापासून माहितीये.”

तिनं लेन्सचं फडकं हातात घेतलं. बाहेर पाणघोडे घोरत होते.

“माझा भाऊ,” ती म्हणाली. “याच मुक्कामात वाटाड्या होता. ताडमाड उंच. लेन्सला आपलं नाव त्यानंच लावलं, गमतीनं. गेल्या मोठ्या पावसात नदीत गाडी अडकली, माणसं काढायला उतरला. माणसं निघाली. तो...” तिनं फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “सापडला नाही. येयोनं, म्हणजे आमच्या आईनं, तेव्हापासून त्याचं नाव घेतलेलं नाही. आई आहे, तरी. आमच्यात गेलेल्याचं नाव कुणी घेत नाही.”

“आमच्याकडे तर ते नातवाला देतात, कौतुकानं.”

“आमच्याकडे नाव घेतलं की तो मान वर करून बघतो.”

किओको फळीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “आणि तू रोज सकाळी म्हणतेस, कोइनेतला सांभाळ. रोज संध्याकाळी म्हणतेस, कोइनेत आला का?”

“ते लेन्सला!”

“ते लेन्सला आहे हे तुला माहीत. त्याला कसं कळणार?”

सेलियानचा चेहरा उतरला. तिनं खिडकीची फळी धाडकन ओढली. पलीकडून तिचा आवाज आला, रागानं आणि रडूनही भिजलेला: “सापडला नाही म्हणजे मेला नाही! मी हाक मारायची थांबले तर त्याच्यासाठी कुणीच उरणार नाही. तो येईपर्यंत मी या खोलीतून हलायची नाही. ना तुझ्या माचाकोसला, ना कुठं... तू विचारलंस तरी.”

“मी विचारणारच होतो,” बंद फळीला किओको म्हणाला.

सकाळी मात्र ती गाडीपाशी आधीच उभी होती. लेन्स मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली. किसियोबाबांनी नदीच्या वळणाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. लांब लेन्सला इंजिनाची थरथरसुद्धा चालत नाही. वरचं छत उघडलं, राजम्याची पिशवी छताच्या कडेला ठेवली. गवत छातीएवढं उंच, आणि वाऱ्याचा मागमूस नाही. पक्षीही गप्प होते.

“कोपर असं टेकव,” किओकोनं तिचा हात हलकेच दाबला. “श्वास सोड. मग बघ.”

तिनं डोळा लावला.

गवतात तो उभा होता. एका पायावर, काठी धरून, थेट तिच्याकडे पाठ. शुकेतून पाणी ठिबकत होतं. तिनं डोळा काढून पाहिलं, नुसतं गवत. पुन्हा लावला, तो होता. आणि मग तिला राहवलं नाही. इतक्या महिन्यांचं साठलेलं एकदम ओठांवर आलं.

“कोइनेत!”

तो वळला.

चेहरा तिला दिसला, पुरता दिसला. रागावलेला नव्हता. दमलेला होता, लांबून सारखं कुणीतरी बोलावून घ्यावं आणि पोचल्यावर काम सांगू नये, तसा दमलेला. दुसरं पाऊल त्यानं गवतात टेकवलं. चालू लागला. लेन्समध्ये मोठा होत गेला. खांदे, मग मान, मग नुसते डोळे... आणि मग काही नाही. लाल धूर. काठोकाठ लाल, कसलीच कड नसलेला.

“बिघडली,” ती कुजबुजली. “किओको, काहीच दिसत नाही... सगळं धूसर...”

बोलता बोलताच तिला आपलेच शब्द आठवले. चार मीटरच्या आतलं.

नदीच्या गाळाचा गार वास आला. गाडी एका बाजूला हळूच कलली आणि चाकांवरचे पाटे करकरले.

“कुणीतरी चढलं,” किसियोबाबा पुढे बघतच म्हणाले. त्यांनी चाक घट्ट धरलं होतं. “मागं बघू नका. पोरी, तू बोलावलंस का?”

“हो, बाबा.”

“मग तूच निरोप दे. आलेल्याला ताटकळत ठेवू नये.”

सेलियाननं लेन्स खाली घेतली. किओकोच्या शेजारची बाकावरची जागा रिकामी होती, आणि तिथलं कापड ओलं होत चाललं होतं. किओकोही घाबरला होता, त्याचे दात वाजत होते, पण तो तिच्या बाजूनं हलला नाही. त्यानं फक्त आपला हात तिच्या हाताखाली सरकवला.

“दादा,” ती त्या रिकाम्या जागेला म्हणाली. पहिल्यांदाच नाव न घेता. “काम काही नव्हतं रे. नुसती आठवण यायची. तू एकटा पडशील असं वाटायचं मला... खरं म्हणजे मीच एकटी पडणार होते. जा तू आता. मी नाही हाक मारणार.”

तिनं लेन्सवरची पट्टी नखानं उचकटली. उन्हानं पक्की बसली होती, तुकड्यातुकड्यांनी निघाली. शेवटचा तुकडा निघेपर्यंत तिची बोटं सोलवटली. किसियोबाबा नजर खाली ठेवून मागं वळले आणि मासाई वडीलधारे निघणाऱ्या मुलावर थुंकून आशीर्वाद देतात तसे त्या रिकाम्या जागेवर हलकेच थुंकले.

पाटे करकरले. गाडी सरळ झाली.

गवतात लांबवर एक वाट पडत गेली, नदीच्या दिशेनं, आणि पाण्यापाशी थांबली. मग वारा सुटला. पक्षी एकदम कलकलू लागले. सेलियान किओकोच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली. आजवर ती एकदाही अशी रडली नव्हती.

“ए शहाण्या!” किसियोबाबा दबक्या आवाजात ओरडले. “बिबटीण!”

पलीकडच्या खडकावर ती उभी होती, पिलं पायांत घोटाळत होती, आणि कोवळं ऊन नेमकं डोळ्यांत. किओकोनं पाहिलं. कॅमेरा हाताशी होता. पण दोन्ही हातांत सेलियान होती... बिबटीण बघत राहिली, कंटाळली आणि निघून गेली.

“गेली तुझी दिनदर्शिका,” किसियोबाबा वैतागून म्हणाले. “आता बसा एकमेकांची तोंडं बघत.”

दुसऱ्या दिवशी लेन्सच्या खोलीच्या खिडकीची फळी उघडी होती. किओको सकाळी, तंबू हलवल्याशिवाय, हजर झाला.

“गुरं बरी आहेत?” त्यानं विचारलं.

“बरी आहेत. येयोही बरी आहे. काल तिला सगळं सांगितलं. रात्रभर माझ्या केसांवरून हात फिरवत होती.” सेलियानचे डोळे सुजलेले होते. तिनं फळीवरच्या बिननावाच्या लेन्सकडे हात नेला. “पाचशेची देऊ? बिबटीण परत येईल.”

“नको. मावशी दे.”

“मावशीला पलीकडचा तीर नाही दिसायचा.”

“मला पलीकडचं नाही बघायचं. जवळचं बघायचंय.”

“किती जवळ?”

“चार मीटरच्या आत,” किओको म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. “विचारायचं राहिलं होतं ना परवा. फळी बंद होती.”

फळीवरून मावशी उतरवून तिनं त्याच्या हातात दिली, खिडकीला वळसा घालून बाहेर आली आणि त्याच्यासमोर उन्हात उभी राहिली. इतकी जवळ, की त्यालाच दोन पावलं मागं सरावं लागलं. खट्‌कन आवाज झाला.

त्यानं कॅमेरा तिच्यापुढे धरला. सवयीनं तिची नजर आधी कोपऱ्याकडे गेली. एक कोपरा, दुसरा, मागचं झाड, नदी. कुणी नव्हतं. ती तशीच थांबली, किओकोही थांबला.

मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “आण इकडे. बघू दे, मी कशी आलेय.”