दुसरा गडी

आमच्याकडे जेवताना टीव्ही लावत नाहीत, कारण त्याची गरजच पडत नाही. माझा नवरा आणि त्याची थोरली बहीण समोरासमोर बसले की करमणूक बाहेरून आणावी लागत नाही. दोघंही व्हिडिओ गेमचे कन्सोल बनवणाऱ्या एकाच कंपनीत, आणि मीही तिथेच. त्या वर्षी त्यांची जुंपली होती ती पुढचा कन्सोल कसा असावा यावरून.

"ताकद पाहिजे," नवरा म्हणायचा. "समोर डोंगर आला की छातीत धस्स झालं पाहिजे. त्याला दणकट चिप लागते, मोठा पंखा लागतो. खिशात डोंगर मावत नाही."

"आणि टीव्हीसमोर कुणी बातम्या बघत बसलं की?" ताई विचारायच्या. "मग तुझा डोंगर धूळ खात पडतो. माझा नुसता उचलायचा आणि बाल्कनीत जायचं."

"तळहाताएवढ्या पडद्यावर डोंगर कसला, वारूळ दिसेल."

"वारूळ तर वारूळ. माझ्याबरोबर येतं ना?"

त्याच्या यंत्राचं लाडाचं नाव पहिलवान. काळी, जड पेटी. चालू झाली की पंखा घुमायचा. ताईंचं ते पाखरू. टीव्हीशेजारच्या खोबणीत बसवलं की मोठ्या पडद्यावर खेळ, उचललं की तोच खेळ हातातल्या छोट्या पडद्यावर. कंपनी दोन्हींपैकी एकच बाजारात आणणार होती, आणि हरलेल्याची टीम मोडून दुसऱ्या शहरात पाठवायचं घाटत होतं. त्यामुळे भावंडं भांडायची हसतहसत, पण जेवण झाल्यावर दोघंही बराच वेळ ताटावरून उठायची नाहीत.

माझं काम लोकांची तोंडं बघण्याचं. ऑफिसात एक चाचणीची खोली आहे. घरातल्या बैठकीसारखी सजवलेली: दोन गाद्यांचा सोफा, दिवा, सतरंजी, टीव्ही. बाहेरून लोक बोलवायचे, त्यांना खेळू द्यायचं, आणि मी काचेआड बसून बघायचं, कुठे हसतात, कुठे जांभई देतात. माझ्या सांगण्यावर बरंच ठरणार होतं. म्हणून घरी मी तोंडाला कुलूप लावलं होतं.

चाचणीचा खेळ साधा होता. एका दोराला बांधलेले दोन गिर्यारोहक डोंगर चढतात. खेळणारा एकटाच असेल तर दुसरा गडी पायथ्याशी बसून डुलक्या काढतो.

पहिलवानाच्या चाचणीला एक शिक्षिका आल्या, एकट्याच. दुपारचं ऊन खिडकीतून सतरंजीवर पसरलं होतं. बाईंनी चढायला सुरुवात केली, आणि पायथ्याशी बसलेला गडी उठून उभा राहिला.

तो धडपडला. उलट्या दिशेला गेला, कड्यावरून पडला, दोराला लोंबकळला. बाईंना हसू आवरेना. त्यांनी त्याला वर ओढून घेतलं. मग त्यानं बर्फाचा गोळा करून त्यांच्याच टोपीवर मारला. त्या पोट धरून हसल्या. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं निखळ हसू मी त्या काचेतून पाहिलं नव्हतं.

"तो दुसरा फार गोड खेळतो," जाताना त्या म्हणाल्या. "कुठून खेळत होता?"

मी नवऱ्याला गाठलं. "दुसऱ्या गड्याला स्वतःहून खेळायला कधी शिकवलंत?"

"शिकवलेलं नाही. तो झोपतो. तेवढंच लिहिलंय."

त्यानं दुसऱ्या कंट्रोलरची बॅटरी काढली. तरी गडी उठला. कंट्रोलरच खोलीबाहेर नेला, नेटची तार काढली. गडी उठला, आणि आता त्याला उड्या छान जमायला लागल्या होत्या. इतर खोल्यांतल्या पहिलवानांवर मात्र तो आज्ञाधारकपणे झोपून असायचा. नवऱ्यानं दोन दिवस डोकं खाजवलं आणि सोडून दिलं. "बग आहे," तो म्हणाला. "पण असला गुणी बग मी पाहिला नाही."

लोक येत राहिले. एक टॅक्सीवाला, एक दंतवैद्य, कडाक्याचं भांडून आलेलं एक जोडपं. सगळे हसत बाहेर पडले. पुढे पुढे ऑफिसातलेही डबा खाऊन झाला की दुसऱ्या गड्याशी खेळायला रांग लावायला लागले. हिशेब विभागातले एक गंभीर गृहस्थ त्याच्याशी खेळून शीळ घालत जिना उतरले.

मला एकच गोष्ट खटकायची. खेळणारा उठून गेला की तो गडी पळत पडद्याच्या कडेला यायचा. दाराच्या बाजूच्या कडेला. तिथे दोराला ताण देऊन उभा राहायचा, आणि दोर पुढे सरकायचा नाही.

मी हे कुणाला बोलले नाही. बोलणार तरी काय?

मग पाखराची पाळी आली. त्या दिवशी नवरा माझ्याशेजारी काचेआड बसला होता, हाताची घडी घालून. ताई स्वतःच सोफ्यावर बसल्या. खोबणीत पाखरू, टीव्हीवर डोंगर. दुसरा गडी लगेच उठला आणि त्यांच्याभोवती नाचला.

"चल," ताई त्याला म्हणाल्या, सहज, घरातल्या कुणाला म्हणावं तसं. त्यांनी पाखरू खोबणीतून उचललं.

टीव्ही काळा झाला.

छोट्या पडद्यावर दोघंही गडी होते. ताई दाराकडे चालू लागल्या.

"आला," त्या ओरडल्या. "माझ्याबरोबर आला!"

नवरा दचकून हसला आणि त्यांच्या मागे धावला. कॉरिडॉरभर टाळ्या वाजत गेल्या. मी जागेवरच होते. मी सोफ्याकडे बघत होते.

ताई डाव्या गादीवर बसल्या होत्या. ती केव्हाच फुगून सारखी झाली होती.

उजवी गादी खाली दबलेली होती.

ती आत्ता हळूहळू वर येत होती.

निकाल मी सांगण्याआधीच लागला होता. नवऱ्यानंच संचालकबाईंना जाऊन सांगितलं, पाखरू बनवा. वर म्हणाला, "फक्त खोबणीत माझी चिप घाला. घरी डोंगर, बाहेर वारूळ." बाईंना ते पटलं. दोन्ही टीम एक झाल्या, कुणालाही शहर सोडावं लागलं नाही. ताईंनी भावाला सगळ्यांदेखत मिठी मारली. तो लाजला, कान लाल झाले त्याचे.

"हरलास," त्या म्हणाल्या.

"अर्धाच," तो म्हणाला. इतकं खूश मी त्याला आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

रात्री घरी जेवायला सगळ्यांना बोलवायचं ठरलं. दोघं सामान आणायला पुढे गेली. चाचणीचं ते पाखरू, बंद करून, माझ्या पिशवीत होतं, पाहुण्यांना दाखवायला. मला खरंच आनंद झाला होता. गादीचं मी मनातून काढून टाकलं. फोम कधी कधी उशिरा फुगतो.

बस गच्च भरली होती. मागे तिघांच्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईंनी मला जागा करून दिली. खिडकीला अगदी चिकटून बसल्या, बोचकं मांडीवर घेतलं.

"इतकं नका सरकू," मी म्हणाले. "मला पुरेल एवढ्यात."

त्या माझ्या खांद्याच्या जरा मागे बघून प्रेमानं हसल्या. "असू दे गं. दोघांना बसायचंय ना."

मी कडेला बसले. आमच्या दोघींच्या मधे एक जागा उरली. उभे असलेले लोक दांडीला लोंबकळत होते, एकमेकांच्या पायांवर पाय देत होते.

ती जागा शेवटच्या थांब्यापर्यंत कुणीच मागितली नाही.