निकोलाच्या दिवसाचा पाव

पोरगा लढाईत मेला, असं तुम्ही फौजवाले खोटं बोललात. टोपीवर दोन डोक्यांचा गरुड मिरवता, म्हणजे चार डोळे झाले. त्यातल्या एकानेही पेटीत डोकावून पाहिलं नाही. जस्ताची शवपेटी डाग देऊन बंद केलीत, वर झेंडा पसरलात, पोराच्या टोपीवरचा पत्र्याचा गरुड बापाच्या तळहातावर ठेवलात आणि दरडावलंत, उघडायची नाही.

बापाने, वुकोमानने, उघडली नाही. तशीच पुरली.

डिसेंबरात त्याच्या घरच्या संताचा, निकोलाचा दिवस आला. या दिवशी सर्बाच्या घरी आमंत्रण नसतं. येईल त्याला दार उघडं. शेजारचा वेलिझार बूट आपटत, बर्फ झटकत आत आला. संताच्या तसबिरीपुढे मेणबत्ती जळत होती, शेजारी तो पत्र्याचा गरुड. टेबलावर मासा होता, आलुबुखाराची दारू होती, गोल पाव होता. शिजवलेला गहू तेवढा नव्हता.

"काय वहिनी, तुमच्या निकोलाला पंख फुटले वाटतं?" वेलिझार हसला. घरच्या संताच्या दिवशी गहू शिजवतातच, फक्त देवदूत मिहाइलच्या दिवशी नाही. तो कधी मेलाच नाही म्हणून.

"गहू मेलेल्यांसाठी असतो," वुकोमानची बायको स्तामेना म्हणाली. "माझा स्रेतेन मेलेला नाही."

वेलिझारचं हसू ओठांवरच राहिलं.

पावाला खालून फुलीची चीर देऊन वुकोमानने तांबडी वाइन ओतली. आता दोघांनी तो समोरासमोर धरून फिरवायचा आणि मोडायचा. दरवर्षी समोर स्रेतेन असायचा.

"वेलिझार, धर रे पलीकडून."

"हात लावाल तर बघा!" स्तामेना ओरडली. "ती बाजू त्याची आहे."

"अगं, एकट्याने कसा फिरेल?"

"धरा तुम्ही."

वुकोमानने आपली कड धरली. पाव जड होता, पलीकडे कलायला हवा होता.

कलला नाही.

मग तो फिरला. सावकाश. वुकोमानच्या बोटांखालून कवच सरकत गेलं. स्तामेना हलक्या आवाजात संताचं गाणं म्हणू लागली. वेलिझारने छातीवर क्रूस काढला.

पाव मोडला. पलीकडचा अर्धा भाग क्षणभर तसाच अधांतरी राहिला, मग अलगद टेबलावर टेकला.

त्यावर बोटं रुतल्याच्या खुणा होत्या. अंगठे सोडून उजव्या हाताच्या चार. डाव्याच्या तीन.

स्रेतेनची डावी करंगळी लहानपणीच लाकडं फोडताना तुटली होती.

दुसऱ्या दिवशी वुकोमान आणि वेलिझारने कबर उकरली. पेटी कापली. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता, पण हात शाबूत होते.

दहाच्या दहा बोटं.

स्तामेनाने त्या परक्या पोरासाठी गहू शिजवला. मेणबत्ती लावली, आणि अडली. नाव कुणाचं घ्यायचं?

पलीकडचा अर्धा पाव अजून टेबलावर आहे. दार आतून बंद असतं. रोज सकाळी पाव थोडा कमी झालेला असतो, आणि ताज्या खुणा तीनच असतात.

गरुडवाल्यांनो, उत्तर द्या. कबरीत कोण आहे? आणि आमच्या पोराला कुठे उपाशी ठेवलंय?