ढब्बूसाठी केलेलं दार

सुतार आला तेव्हा ऊन नुकतंच कललं होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात खाली एक चौकोन कापायचा आणि त्यावर रबरी झडप टांगायची, काम एवढंच. कुत्र्याला मनाला येईल तेव्हा अंगणात जाता यावं, म्हणून.

माप ऐकून सुतारानं कानामागची पेन्सिल काढली. "ताई, कुत्राच आहे ना? की वासरू पाळलंय?"

"अजून वाढणार आहे तो," घरातली धाकटी लेक म्हणाली.

वहिनी कामावर निघाली होती. चपला घालता घालता म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या मापाचं दार मात्र या घरात कुणी केलं नाही हो."

सगळे हसले. धाकटीही हसली.

ती दूरदेशी शिकून परतली होती ती मनानं पेटलेली. आल्या दिवशीच तिनं ढब्बूची साखळी काढून भंगारात टाकली. "आपल्या आळसाचीच आपण साखळी करतो आणि मुक्या जिवाच्या गळ्यात घालतो," असं ती म्हणाली, तेव्हा दादा म्हणाला होता, "भाषण झकास. घाण कोण काढणार?" तीही तिनंच काढली.

एकच गोष्ट तिच्या भाषणात बसत नव्हती. बाबांच्या खोलीला बाहेरून कडी होती.

बाबा सगळं विसरत चालले होते. लेकीला ते शाळेतल्या बाई समजत. मागे एकदा घरातून निघाले ते भर रस्त्यात अनवाणी सापडले, ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले. तेव्हापासून जवळ कुणी नसलं की कडी. धाकटी आधी यावरून दादाशी कडाकडा भांडली. मग एकदा आंघोळीला जाताना तिनंच ती सरकवली. आता हात आपोआप जायचा.

ढब्बूची शिकवणी दुपारी चाले. आधी झडप दोरीनं वर बांधून ठेवली, मग अर्धी सोडली, मग पुरती. ढब्बूला आत ठेवून धाकटी बाहेर पायरीवर बसे, झडपेखालून हात घालून बिस्कीट धरी आणि जिभेनं टक्‌टक् करी. "ये राजा, ये. घाबरू नकोस." ढब्बू आत खुशाल लोळत पडे.

मग एका दुपारी तिच्या तळहातावरचं बिस्कीट उचललं गेलं.

अगदी हलकेच. ओठ मऊ होते, कोरडे.

"शाब्बास!" ती आनंदानं ओरडली. "शाब्बास रे माझ्या बाळा! आता डोकं काढ बाहेर."

झडप किंचित फुगली आणि मागे गेली. तिनं दुसरं बिस्कीट धरलं, मग तिसरं. दर वेळी शाब्बास. झडप दर वेळी थोडी जास्त फुगायची. रबराच्या वासात आणखी एक वास मिसळला होता, फार दिवस न उघडलेल्या कपाटाचा.

तेवढ्यात कुंपणाकडून ढब्बू आला. नाकाला ओली माती लागलेली. पुढचं दार उघडं राहिलं असावं. तो येऊन तिच्या शेजारी बसला आणि झडपेकडे बघू लागला.

तिचा हात अजून आतच होता. तळहातावर कुणाचा तरी ऊन श्वास लागत होता...

तिला भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली. आत घरात दुसरं होतंच कोण? आपण आपल्या बापाला जमिनीवर ओणवं करून बिस्कीट भरवलं, वर शाब्बास म्हटलं!

तिनं दार ढकललं. स्वयंपाकघर रिकामं होतं. ती तशीच घरातल्या बोळातून धावली आणि मागे झडप वाजली. थप्. कुणीतरी बाहेर पडावं तशी.

बाबांच्या खोलीची कडी तिनं लावली होती तशीच लागलेली होती.

तिनं ती काढली. बाबा पलंगावर बसले होते. सदऱ्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, पायात चपला.

"बाई, झालं का त्याचं शिकून?"

"कुणाचं, बाबा?"

"मी इथून सांगत होतो त्याला. आधी डोकं, मग एक खांदा, अंग चोरून... मग दुसरा. जमलं बिचाऱ्याला." त्यांनी चपला नीट जुळवल्या आणि आवाज खाली आणला. "आता माझी पाळी ना, बाई? मला बिस्कीट नको. नुसतं शाब्बास म्हणा."

धाकटीला त्यांच्याकडे बघवेना. ती तिथंच फरशीवर बसली आणि त्यांच्या पायावर कपाळ टेकून रडली. मग उठून पेचकस आणला आणि कडी उपटून काढली. झडपेपुढे धान्याचा जड डबा सरकवून ठेवला.

संध्याकाळी दादानं चौकटीवरची भोकं बघितली. "आणि उद्या ते परत रस्त्यावर गेले म्हणजे?"

"मी बसेन त्यांच्याजवळ."

"रोज?"

"रोज."

दादानं एका भोकावरून बोट फिरवलं. "मलाही बघवत नव्हती ती," तो म्हणाला. "आयती होती म्हणून वापरली, झालं."

"आयती?"

"घर घेतलं तेव्हापासूनची आहे ती. मी आधीच्या मालकाला विचारलंही होतं, खोलीला बाहेरून कडी कशाला? तो हसला आणि चहा घेणार का म्हणाला."

दुसऱ्या दुपारी धाकटी बाबांच्या उशाशी बसली होती. खोलीचं दार सताड उघडं, खाली सतरंजीवर ढब्बू पसरलेला. बाबा तिला पाढे म्हणून दाखवत होते, चुकत होते, आणि ती शाब्बास म्हणत होती.

स्वयंपाकघरात डबा फरशीवर घासत सरकला.

मग झडप वाजली. थप्.

बाबा पाढा म्हणता म्हणता थांबले. "परत आला वाटतं."

"बाबा... कोण?"

"बाहेर त्याचं कुणी उरलं नसेल," ते म्हणाले. "येऊ द्या त्याला, बाई. कडी लावू नका."

बोळात तळहात टेकल्याचा आवाज झाला. मग गुडघा टेकल्याचा. मग पुन्हा तळहात. धाकटीनं बाबांचा हात घट्ट धरला. उठून दार लोटावं, असं तिच्या अंगातला कण न् कण सांगत होता. पण लोटायला ती उठली नाही.

ढब्बूनं मान वर केली. तो भुंकला नाही. उठून पलंगाच्या कडेला सरकला, सतरंजीवर एका माणसापुरती जागा करून दिली आणि पुन्हा पडून राहिला.