पिवळ्या रेघेशेजारची पांढरी रेघ

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच गॅरेजमध्ये घडलेली. विश्वास बसत नसेल तर राहू द्या, माझ्या बायकोचाही बरेच दिवस बसला नव्हता.

इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टरजवळ आमचं घर. मी डेस्मंड, गालिच्याच्या कारखान्यात कामाला. गेल्या वर्षी शनिवार-रविवारी मी घरीच किट कार बांधत होतो. दोन माणसांची, उघडी, छोटी गाडी. सांगाडा आणि पत्रा खोक्यांतून येतो. इंजिन, स्टिअरिंग वगैरे एखाद्या भंगारातल्या गाडीचं काढून बसवायचं.

मे महिन्यात मुलीचं, ब्रायोनीचं लग्न होतं. याच गाडीतून तिला चर्चला नेईन, असा मी शब्द दिला होता.

भंगारातून आणलेल्या गाडीच्या डिकीत एक डबी निघाली. पांढरा रंग, सुकून दगड झालेला. त्यात रुतलेला बारीक ब्रश. मी ती फळीवर ठेवली आणि विसरून गेलो.

आम्हा गाडी बांधणाऱ्यांची एक सवय असते. नट पक्का आवळला की त्याच्यावरून शेजारच्या पत्र्यावर रंगाची रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

माझी रेघ पिवळी.

फेब्रुवारीतला शनिवार होता. दुपारीच अंधारून आलं होतं. मी दिवा घेऊन गाडीखाली सरकलो, आणि...

प्रत्येक पिवळ्या रेघेशेजारी एक पांढरी रेघ होती.

सरळ. बारीक. माझ्यापेक्षा सुबक.

कोणीतरी माझं काम तपासून गेलं होतं! माझं डोकंच फिरलं. गॅरेजची दुसरी किल्ली शेजारच्या नेव्हिलकडे असायची. मी तडक त्याच्या दारात गेलो.

"माझं काम तपासायला तुला कोणी सांगितलं?"

"कसलं काम? अरे, तुझ्या त्या चाकं लावलेल्या टबात मला कोणी फुकट बसवलं तरी मी बसणार नाही!"

"किल्ली दे."

"घे बाबा, घे. आणि जाता जाता डोकंही तपासून घे."

मी कुलूपच बदललं. नवी किल्ली एकच, माझ्या खिशात.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बायको, ग्लेनिस, म्हणाली, "दुपारी घरी कधी आलास? गॅरेजमध्ये पाना फिरवत होतास ना? मी चहा घेऊन आले, तर दाराला बाहेरून कुलूप."

मी दिवसभर कारखान्यात होतो.

"कसला आवाज होता?"

"तुझा नेहमीचाच. कर्र... कर्र... मी दार वाजवलं, तसा थांबला."

खरं सांगतो, मला तिचाही संशय आला. ही नेव्हिलला पाठीशी घालते आहे, असं वाटलं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

शनिवारी पाहिलं. आठवडाभरापूर्वी आवळलेल्या सगळ्या नव्या नटांवर पांढरी रेघ होती. फक्त एका ठिकाणी नव्हती. स्टिअरिंगच्या दांड्याला जिथे सांधा आहे, तिथे. आणि तिथली माझी पिवळी रेघ...

पुसलेली होती.

खरवडलेली नाही. फडक्याने पुसावी तशी, स्वच्छ. मी नट तपासला. घट्ट होता. पुन्हा रेघ ओढली.

पुढच्या शनिवारी पुन्हा पुसलेली.

मी चिडून पुन्हा ओढली. माझ्या गॅरेजमध्ये माझंच चालणार! एप्रिलमध्ये गाडी सरकारी तपासणीतून पास झाली. तपासनीस म्हणाला, "दोघांनी मिळून बांधलीत वाटतं? छान केलंत."

"एकट्यानेच बांधली," मी म्हणालो. त्याने एकदा रेघांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कागद हातात दिले.

लग्नाची सकाळ उजाडली. मी गाडी पुसत होतो. ब्रायोनी केसांना रोलर लावून तशीच गॅरेजमध्ये आली.

"बाबा, पाऊस आला तर?"

"छत्री धर. नवरीने रडायचं आणि भिजायचं असतंच."

ती हसली, वाकून इंजिनाकडे पाहू लागली. "अरे, इथली एक रेघ राहिली की तुझी."

तेवढ्यात माझ्या पाठीमागून...

कर्र... कर्र...

आम्ही दोघांनीही मागे पाहिलं. फळी, डबे, सायकल. बाकी कोणी नव्हतं.

मी ब्रायोनीला गाडीपासून मागे ओढलं. "आत जा. आणि या गाडीत बसायचं नाही."

रेघ नसलेला तो स्टिअरिंगचा सांधा मी काढला. पेट्रोलने धुतला. वंगणाखाली केसासारखा तडा होता. पकडीत धरून जरा पिळला, तर दोन तुकडे झाले.

ब्रायोनीमागून आलेली ग्लेनिस जवळच्या खोक्यावर मटकन बसली. मला रडू आवरलं नाही. माझ्या पोरीला मी त्याच गाडीतून नेणार होतो.

मग नेव्हिलचं दार वाजवलं. त्याने माझा चेहरा पाहिला आणि आधी गाडीची किल्लीच काढली.

"चल. माझ्या गाडीत मी फुकट बसवतो," तो म्हणाला.

संध्याकाळी लग्नाहून आल्यावर मी फळीवरची डबी उघडली. रंग तसाच, दगड. पण ब्रशची टोकं...

ओली होती.

नवा सांधा बसवला. पुढच्या शनिवारी त्यावर पांढरी रेघ आली होती. मी ती राहू दिली. डबीही फेकली नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

पुढच्या महिन्यात ब्रायोनीला बाळ होणार आहे. मी गॅरेजमध्ये लाकडी पाळणा बांधला आणि सवयीने नटांवर पिवळ्या रेघा ओढल्या. काल सकाळी त्यांच्याशेजारी पांढऱ्या रेघा दिसल्या. मला बरंच वाटलं.

मग डोक्याकडच्या बाजूचा एक नट दिसला...

तिथे पांढरी रेघ नव्हती. पिवळी पुसलेली होती.

मी नट बदलला. बोल्ट बदलला. पाळण्याची ती फळीही बदलली, भिंग लावून पाहिली. कुठे काही सापडलं नाही. नवी रेघ ओढली आणि रात्री दाराला कुलूप लावलं.

आज सकाळी ती पुन्हा पुसलेली आहे.

आताच ब्रायोनीचा फोन आला होता. "बाबा, पाळणा कधी आणतोयस?"

"रंग वाळायचाय अजून," मी म्हणालो.