चौतीस वर्षांची मुग्धा

रात्री साडेअकरा वाजले की सारंग गॅलरीत जाऊन दार लोटून घ्यायचा आणि बायकोच्या आवाजाशी तासभर बोलायचा. बायको, मुग्धा, आत पलंगावर टक्क जागी असायची.

२०७१ साली यात नवल काही नव्हतं. मुग्धा कासारने वीस वर्षं 'रात्रवाणी' रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेतले होते. ती निवृत्त झाल्यावर रेडिओ केंद्राने जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तिची 'स्वरछाया' घडवली, म्हणजे तिच्याच आवाजात, तिच्याच ढंगात बोलणारं यंत्र. ही स्वरछाया एकाच वेळी चार हजार जणांशी वेगवेगळं बोलायची. आणि वय कायम चौतीस!

मुग्धाचा नुसता जळफळाट व्हायचा. तेहतीस वर्षांचा संसार, आणि घरात नवऱ्याच्या तोंडून 'हं' आणि 'बरं' यापलीकडे काही निघत नव्हतं.

"बंद करा ती भवानी!" तिने केंद्रात जाऊन डॉ. निखत मुजावरांना सांगितलं. स्वरछाया त्यांनीच बनवली होती. "दरवर्षी लागते ती संमती या वर्षी मी देणार नाही."

"नका देऊ. अधिकार तुमचाच आहे," निखत म्हणाल्या. "पण मुग्धाताई, लोक तुम्हाला फोन का करायचे?"

"मी छान बोलायचे म्हणून."

"तुम्ही त्यांच्या कुणी नव्हता म्हणून. त्यांचं ऐकून तुमचं काही बिघडत नव्हतं. यंत्राचंही बिघडत नाही."

"एवढंच ना? आज सारंगचा फोन मी घेते. मग ठरवू."

निखतनी आढेवेढे घेतले, पण शेवटी रात्री साडेअकराला तिला माइकसमोर बसवलं. यंत्राने तिचा आवाज तेवढा तरुण केला.

"मुग्धाबाई," सारंग म्हणाला, "आज परत हातातून कप पडला. चार महिने हात थरथरतोय. घरी बोललो नाही, ती घाबरेल..."

"चार महिने? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं!"



"यंत्र बिघडलेलं दिसतंय," सारंग हळूच म्हणाला. "आमच्या मुग्धाबाई अशा बोलत नाहीत हो."

त्याने फोन ठेवला आणि लगेच पुन्हा लावला. या वेळी तो स्वरछायेने घेतला.

"बोला, मी ऐकतेय," चौतीस वर्षांची मुग्धा म्हणाली. सारंगने सुस्कारा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

निखतनी संमतीचा कागद पुढे सरकवला. ही स्वरछाया बंद झाली, तर तो कुणालाच काही सांगणार नव्हता. मुग्धाने मनातल्या मनात त्या भवानीला लाखोली वाहिली आणि आणखी एका वर्षाची संमती देऊन टाकली.