लाल सॉसची फोडणी

दुबईच्या वेशीलगत, अल नहदातल्या त्या बावीस मजली इमारतीत आगीचा भोंगा वाजला तेव्हा ईश्वरीच्या हातात उलथनं होतं. ते तसंच घेऊन ती अकरा मजले उतरली.

खाली पार्किंगमध्ये सगळी इमारत गोळा झाली होती… कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या केसांना मेंदी. "देवा, कुणाला कळू नये," ती पुटपुटली.

"मला कळलं," शेजारी उभा असलेला तरुण मराठीत म्हणाला. "ओढणीला लसणाचा, मिरचीचा आणि जळक्या साखरेचा वास येतोय. थाई सॉस तापल्या तेलात ओतलात?"

"मोहरी तडतडल्यावर," ती ओशाळून म्हणाली. "आई गेल्यापासून बाबांना चवच लागत नाही. म्हटलं, काहीतरी झणझणीत करावं…"

"त्यात साखर असते हो, फोडणीत जळणारच. शेवटी घालायचा, गॅस बंद करून."

"खलास, सब ऊपर जाओ," वॉचमन ओरडला.

त्या तरुणाचं नाव वेदांग. राहायला नवव्या मजल्यावर. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या एका कंपनीसाठी तो पूर्वेकडचे सॉस मागवायचा. पुढच्या शनिवारी तो बाटली घेऊन दारात उभा राहिला, आणि मग शनिवार त्याचेच झाले. कधी सॉस दह्यात फेटून थालीपिठाशी, कधी गूळ-लिंबाबरोबर सुरमईला चोळून, कधी पिठल्यावर वरून दोन थेंब. स्वयंपाकानंतर भांडी तोच घासायचा.

"हे कुठलं चिनी पिठलं?" पहिल्या दिवशी बाबांनी नाक मुरडलं. मग ताट पुढे केलं, "अजून वाढ."

ओट्याशी उभं राहून ईश्वरी त्याच्याकडे बघायची. तो बघतोय असं वाटलं की पातेल्यात बघायची.

"तिखट झालंय का?" त्यानं एकदा विचारलं. "कान लाल झालेत तुझे."

"तू आधी तुझं बघ."

आणि मग कंपनीनं त्याला बँकॉकला बदली देऊ केली. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

"जाऊ?" त्यानं विचारलं.

"मी काय सांगू… बाबांना सोडून मला कुठंच—" तिनं वाक्य अर्धंच टाकलं. त्या शनिवारी भांड्यांचा आवाज जास्त झाला.

दुःखाच्या दिवसांत जबाबदारी माणसाला फार सोयीची होते. तिच्या आड बसलं की आपल्याला काय हवंय, हे स्वतःलाही सांगावं लागत नाही. ईश्वरी वर्षभर तशीच बसली होती.

रविवारी तिला ऑफिसला जावं लागलं. दुबईहून परतताना गाड्यांच्या रांगेत दीड तास गेला. दार उघडलं तर बाबा गॅसपाशी, चष्म्यावर वाफ, आणि वेदांग कोथिंबीर चिरत होता.

"मी बोलावलं त्याला," बाबा म्हणाले. "पिठलं मी केलंय. मला येतं, बरं का. तुझी आई करूच द्यायची नाही."

दोन घास चाखून ते म्हणाले, "मीठ कमी, तिखट बरोबर." जेवण होताच ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

वेदांग भांडी घासायला लागला. ईश्वरी फडकं घेऊन शेजारी उभी राहिली. पहिलं ताट तिनं पुसलं, पुन्हा पुसलं.

"उद्या काय सांगणार आहेस?"

"तू सांग."

"त्यांना हो म्हणून सांग. तुझं काम आहे ते." त्याचा हात थांबला. ती घाईनं म्हणाली, "पण… मला तू आवडतोस, वेदांग. फार. बाबांचं नाव पुढे करून मी ते बोलतच नव्हते. लगेच यायला नाही जमायचं मला, सहा महिने लागतील. थांबशील?"

त्यानं तिचा हात धरला, स्वतःचा साबणानं भरलेला आहे हे विसरून. नळ तसाच वाहत राहिला.

"तिथे राहायला जागा मोठी बघ," बाहेरून बाबांचा आवाज आला. "मीही अधूनमधून येईन."